तोळाभर शिसं

जुनी रायफल ठेवलेल्या पेटीचं झाकण उघडलं की सगळ्यात आधी वास येतो. नळी अजून उजेडात धरलेली नसते, अक्रोडाच्या दस्त्यावरून बोट फिरलेलं नसतं, किंमत विचारायचं तर ओठांवरही आलेलं नसतं, आणि तो मात्र पेटीच्या जीर्ण मखमलीतून उठून, खोलीभर पसरून, आपल्या शेजारी येऊन बसलेला असतो. तेलाचा, लोखंडाचा, थोडा कोंदट लाकडाचा, आणि या सगळ्यांच्या खालून सावकाश वर येणारा गोडसर, नाकाला किंचित झोंबणारा असा आणखी एक. अमेरिकेत ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची बंदूक होती त्यांना तो शेवटचा वास लांबूनही ओळखू येतो. फ्रँक हॉपी नावाच्या माणसानं १९०३ मध्ये नळी साफ करायचं एक द्रावण तयार केलं, हॉपीज नंबर नाइन. तेव्हापासून इथल्या तळघरांत, स्वयंपाकघरांतल्या टेबलांवर, शिकारीच्या मोसमाच्या आदल्या संध्याकाळी तेच दरवळत आलं आहे. त्यात रॉकेल असतं, अमोनिया असतो, आणि अमाइल ॲसिटेट असतं, ज्याला पिकल्या केळ्यांचा वास येतो.

रॉकेल आणि पिकलेली केळी.

विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या या गावात, शेजारच्या आजीच्या बैठकीच्या खोलीत, बाहेर मेपलची पानं गळत असताना त्या पेटीवर वाकले आणि मी सिंधुदुर्गातल्या मामाच्या माजघरात उभी होते. तिथं आढ्याला केळीचा घड टांगलेला असायचा, एकेक फणी पिवळी होत जायची. त्याच्याच खाली कोपऱ्यात रॉकेलचा डबा, आणि संध्याकाळी कंदिलात रॉकेल भरायचं काम सुट्टीत आलेल्या मुलांमध्ये माझ्याकडे. वर भिंतीवर दोन खुंट्या. त्या खुंट्यांवर मामाची ठासणीची बंदूक. शिलाई मशीनचं तेल लावून लावून तिचं लोखंड काळंभोर झालेलं. या चार वस्तूंचा मिळून जो वास व्हायचा तोच माझ्या लेखी मामाचा वास होता, कारण मामा त्या खोलीतूनच बाहेर यायचा आणि रात्री त्याच खोलीत नाहीसा व्हायचा.

निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. मग खुंट्या रिकाम्या, भिंतीवर तेलाचा तिरपा डाग तेवढा. पण वास असायचाच. मी त्या डागाखाली उभी राहून डोळे मिटायचे आणि बंदूक पुन्हा जागेवर असायची.

तिचा परवाना शेतीसंरक्षणाचा होता. भात पोटरीला आलं की डोंगराच्या अंगानं रानडुकरं उतरत आणि एका रात्रीत कुणगा लोळवून जात. मामा मांगरावर राखणीला जायचा. जाण्याआधी खळ्यात बसून बार भरायचा, तो तासभर मला आजही जसाच्या तसा दिसतो. दारू तळहातावर घेऊन तो क्षणभर थांबायचा. तराजू नाही, माप नाही. मग नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, ठासणीचे मोजके ठोके, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा. नुसतं हुसकवायचं असेल तर छर्रे वगळायचे, निव्वळ आवाजाचा बार. मी विचारलं होतं, किती घ्यायची ते कसं कळतं? तो म्हणाला, “कमी पडली तर जनावराचे हाल, जास्त झाली तर आपले. मधलां काय तां हाताक कळता, गो बाय.”

एका पावसाळी रात्री हाताला कळलं नाही. किंवा दारू दमट होती, किंवा अंतर फसवं होतं. मामानं कारण कधी सांगितलं नाही. डुक्कर लागलं, पण पडलं नाही. तो घरी आला, मामीनं वाढलेलं ताट तसंच ठेवून कंदील घेतला आणि एकटाच रक्ताच्या मागावर परत रानात गेला. आम्ही मुलं पडवीत जागी. पहाटे आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, कंदिलातलं रॉकेल संपलेलं, काच काजळलेली. सापडलं, एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी जेवला. कुणी त्याला शाबासकी दिली नाही, कुणी काही विचारलंही नाही. जखमी जनावर रानात सोडून झोपता येत नाही हे त्या घरात इतकं उघड होतं की त्यावर बोलायचं कारण नव्हतं. कितीतरी ग्रंथांनी जे मला दिलं नाही ते त्या काजळलेल्या काचेनं दिलं. हाय, किती उशिरा कळतात या गोष्टी!

म्हणून मी शिकार करायचं ठरवलं तेव्हा माझ्या मनात रायफलीच्या आधी ती काच होती. इथं १९७३ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं. मीही वर्गात बसले, माझ्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम उघडतो आणि सगळं गाव भगभगीत नारिंगी कपडे घालून पहाटेच्या अंधारात विरघळतं. पांढऱ्या शेपटीची हरणं इथं इतकी आहेत की रानातली कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत. मी मांस खाते. ते प्लास्टिकच्या वेष्टनातून माझ्या ताटात येतं आणि त्याच्या मृत्यूची जबाबदारी कुण्या अनोळखी माणसावर असते, हे मला वर्षानुवर्षं टोचत होतं. एका जनावरापुरती तरी ती माझ्या हाती यावी असं वाटलं.

शेजारची आजी नवऱ्यामागे एकटी राहते. मी तिला नावानंच हाक मारते, इथली रीत तशी. मनातून मात्र ती आजीच. तिला कळलं तसं तिनं एका संध्याकाळी बोलावलं आणि ती पेटी पुढे सरकवली. आत सॅव्हेज नव्व्याण्णव होती, पन्नासच्या दशकाच्या अखेरची, नळीवर चिकोपी फॉल्स, मॅसॅच्युसेट्स असं कोरलेलं, आणि पुढे काडतुसाचा आकडा: .३०८. ही रायफल आर्थर सॅव्हेजच्या डोक्यातून निघाली. तो जमैकात जन्मलेला. एकोणिसावं शतक संपतासंपता, म्हणजे १८९९ मध्ये, ती बाजारात आली आणि त्याच सालाचं नाव घेऊन जवळजवळ विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिली. खालच्या कडीला झटका दिला की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत. इतर बहुतेक कडीच्या रायफलींत काडतुसं नळीखाली एकामागे एक उभी असतात, पुढच्याच्या बुडावर मागच्याचं टोक टेकतं, म्हणून त्यांना टोकदार गोळी धोक्याची. सॅव्हेजनं ती एका फिरत्या चक्रात बसवली. आणि डाव्या अंगाला, लोखंडात, एक बारीकशी खिडकी ठेवली. तिच्यातून आतल्या पितळेवरचा आकडा दिसतो: किती उरली. मी कडी हलवली, खिडकीत शून्य. पितळेचा तो एवढासा पिवळा ठिपका पाहून मला का गहिवरून यावं? मामाच्या बंदुकीला आकड्याची गरज नव्हती. एक बार, मग पुन्हा सगळा खळ्यातला विधी.

मी विजेरी घेऊन गेले होते. कडी उघडून, आत काही नाही हे डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा तपासून, नळीत उजेड सोडला. आतले पेच एखाद्या जुन्या वाड्यातल्या गोल जिन्यासारखे वळत वळत वर गेले होते, कडा अजून धारदार, कुठं गंजाचे खड्डे नाहीत. नळीचं तोंड ठेचलेलं नाही. स्क्रूच्या खाचा सरळ, म्हणजे कुणी आडदांड हातानं ती कधी उघडलेली नाही. या जातीच्या रायफलींचा दस्ता लोखंडाला मिळतो तिथं, अगदी मागच्या शेपटीजवळ, हमखास चिरतो. तिथं नख फिरवलं, लाकूड एकसंध होतं. या सगळ्या परीक्षा आवश्यकच आहेत. जुनी रायफल घेणाऱ्यानं त्यातली एकही भिडेखातर टाळू नये, आणि त्याउपरही एखाद्या जाणत्या कारागिराकडून काडतूस बसतं त्या घराचं माप तपासून घ्यावं, कारण तिथं उणंअधिक असेल तर डोळ्याला दिसत नाही. मीही घेतलं.

पण रायफल घ्यायचं ठरलं ते दुसऱ्याच एका जागेपाशी. बुडाशी, जिथं ती एका हातात तोलून धरता येते, तिथली निळीकाळी झिलई पार उडालेली होती आणि खालचं लोखंड रुपेरी, उघडं. बाकी सगळी रायफल जपलेली; तेवढंच झिजलेलं. ती वापरलेली होती, पण झाडली फारशी नव्हती. कुणीतरी ती मैलोगणिक नुसती वाहिली होती, पहाटे, बर्फातून, सीडरच्या दलदलीच्या कडेनं, आणि बहुतेक संध्याकाळी तशीच परत आणली होती. माझी बोटं त्या झिजेत ठेवली. बसली. न झाडलेल्या कितीतरी गोळ्यांची ती खूण होती, आणि विकत मिळण्याजोगं याहून मोलाचं त्या पेटीत काही नव्हतं.

दोन शेजाऱ्यांमधल्या व्यवहाराला इथला कायदा फारसे कागद मागत नाही. तरी मी आग्रह धरला आणि आम्ही गावातल्या दुकानात जाऊन रीतसर अर्ज भरला, पार्श्वभूमीची चौकशी होऊ दिली. मामाची परवान्याची वही मी पाहिलेली आहे, तिचे कोपरे मऊ पडलेले, शिक्के निळे. आपल्या हाती काय आहे हे कुठंतरी लिहिलेलं असावं असं मला वाटतं. आजी काउंटरशी काठी टेकून उभी होती, जराही घाई न करता.

मग गोळ्या.

पेटीच्या तळाशी तिच्या नवऱ्याचा उरलेला खोका होता, पुठ्ठा पिवळटलेला, झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं: १८०, शंभर यार्डांवर दोन इंच वर. आतली काडतुसं तपकिरी पडली होती, टोकाला उघडं शिसं. मी एक हातात घेतलं. १८० ग्रेन, म्हणजे नुसत्या गोळीचं वजन. आणि एकाएकी आठवलं, १८३३ मध्ये कंपनी सरकारनं तोळा ठरवला तो नेमका १८० ग्रेनचा. माझ्या बोटांत तोळाभर शिसं होतं. काटेकोर, ११.६६ ग्रॅम. आईच्या पाटल्या मोडायला नेल्या त्या दिवशी सोनाराच्या काट्यासमोर मी तिचा पदर धरून उभी होते. पारड्यात एकेक वजन ठेवलं जात होतं आणि ती श्वास रोखून पाहत होती. तेच वजन. त्या दिवशी त्यानं आमचं एक वर्ष निभावलं होतं. आता त्यानं एक जीव जायचा होता.

.३०८ च्या गोळ्या बहुधा १५० पासून १८० ग्रेनपर्यंतच्या घेतात. १५० म्हणजे बरोबर दहा मासे. जड गोळी सावकाश निघते, खोल जाते, खांद्याला जास्त दणका देते. हलकी वेगानं आणि सरळ जाते. आमच्या दलदलीच्या रानात शंभर यार्डांपलीकडचं क्वचितच दिसतं, आणि तेवढ्यावरच्या हरणाला दहा मासे पुरेसे होतात. लष्करी धर्तीची, टोक न पसरणारी गोळी हरणाला वापरायची नसतेच, ती आरपार निघून जाते आणि जनावर तडफडत राहतं. आणि दुकानात कितीही मिळतीजुळती दिसली तरी नळीवर जो आकडा कोरला आहे त्याच आकड्याचं काडतूस. एवढं सगळं वर्गात शिकले होते. तरी मी त्या शेल्फपुढे दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत उभी होते. रायफल निवडताना मी माझ्याविषयी विचार केला होता, माझे हात, माझा खांदा, माझ्या आठवणी. गोळी निवडताना पहिल्यांदा ते हरीण समोर आलं, कान वळवलेलं, नाकपुड्या ओल्या. आणि त्याच्या मागून आणखी कुणीतरी.

मामाच्या गावाबाहेर सड्यावर मेलेली गुरं टाकत. तिथं गिधाडं उतरत, आभाळातून भोवरा खाली यावा तशी. आम्हाला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यावाचून आभाळ कसं दिसेल हे कधी मनातच आलं नव्हतं. मग एका मे महिन्यात ती कमी दिसली. मग दिसेनाशीच झाली. डायक्लोफेनॅक, गुरांना देत ते साधं वेदनाशामक, मढ्यातून त्यांच्या पोटात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करत होतं. हे २००४ मध्ये उघड झालं आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर सडा मोकळा झाला होता. कुणीच गिधाडांवर नेम धरला नव्हता. लोकांनी आपापल्या गाईबैलांच्या दुखण्यावर इलाज केला होता, मायेनं.

इथं शिकारी हरणाचा कोथळा रानातच काढून ठेवतात आणि मांस घरी नेतात. त्या कोथळ्यावर कावळे येतात, कोल्हे येतात, पांढऱ्या डोक्याचे गरुड येतात. शिशाची गोळी हाडामांसात फुटते, तिचे कण जखमेपासून लांबवर विखुरतात, डोळ्याला न दिसणारे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतल्या ३८ राज्यांतले १,२१० गरुड तपासले होते. जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साठलेलं शिसं सापडलं. कॅलिफोर्नियानं २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. इथं तशी सक्ती नाही. प्रत्येकानं आपलं ठरवायचं.

मी तांब्याची घेतली. सगळीच तांब्याची. ती आत गेल्यावर फुटत नाही, टोकाशी पाकळ्या उलगडते आणि जवळजवळ अख्खीच राहते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या नळीच्या पेचांना लांब गोळी मानवेलच असं नाही. एकाच कारखान्यातून शेजारी शेजारी बनलेल्या दोन रायफलींच्या आवडी वेगळ्या असू शकतात. म्हणून दोन वजनांचे खोके आणून गावाबाहेरच्या मैदानावर कागदावर झाडून पाहिले. १६५ ग्रेनच्या गोळ्या पसरल्या. दहा माशांच्या गोळ्यांची भोकं एकमेकींना खेटून बसली. नळीतून धूर निघाला तो मामाच्या बंदुकीसारखा दाट, कुजक्या अंड्यांच्या वासाचा नव्हता. पातळ होता, तीव्र होता, आणि वाऱ्यानं लगेच नेला. पुंगळ्या वेचून खिशात टाकल्या, अजून ऊन होत्या.

त्या खोक्याचं मात्र मला अवघड वाटत होतं. पेन्सिलीतलं ते अक्षर, वर्षानुवर्षांचा त्याचा नेम, दोन इंच वर. आणि मी त्याची रायफल घेऊन त्याच्या गोळ्या नाकारत होते. घाबरतच आजीला सांगितलं, गरुडांचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्या तो का घ्यायचा माहीत आहे? ते दुकान त्याच्या कामाच्या वाटेवर होतं.” आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, “कोथळा काढून झाला की तो लांब जाऊन बसायचा. गरुड उतरलेला पाहिल्याशिवाय घरी यायचा नाही. मी जेवण गरम करून करून कंटाळायची.”

त्याला हे कुणी सांगितलं असतं तर? मी तो विचार पुढे नेला नाही. खोका दुकानात परत दिला, ते त्याची नीट विल्हेवाट लावतात. झाकण तेवढं कापून ठेवलं आहे.

आता ऑक्टोबर सरत आला आहे. रात्री जेवणानंतर मी टेबलावर जुनं पातळ अंथरते, रायफल उघडते, रिकामी आहे ना ते बघते, चिंधीला ते द्रावण लावून नळीतून ओढते. चिंधी आधी काळी येते, मग हिरवट, तांब्याची, मग स्वच्छ. वास घरभर होतो. मुलगी वरून ओरडते की आई, पुन्हा केळी! मी तिला मामाची गोष्ट अजून पूर्ण सांगितलेली नाही; डुकराच्या रात्रीची तर नाहीच. या मोसमात ती माझ्याबरोबर येणार आहे, बिनबंदुकीची, नुसती बसायला. तिथं सांगेन. हरीण दिसलं नाही तर वेळ भरपूर असेल, आणि दिसूनही अंतर मनासारखं नसेल, मध्ये एखादी फांदी असेल, तर मी बोट चापावर नेणार नाही हे तिला आधीच सांगून ठेवलं आहे. पितळेच्या खिडकीत पाच दिसत असले तरी मी हिशेब एकाचाच धरला आहे.

रायफल देताना आजीनं किंमत दुकानापेक्षा कमी सांगितली होती आणि वर एक अट घातली होती. हरणाच्या कण्याला लागून मऊ मांसाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातली एक तिची. लग्नापासून ती तिचीच असायची, नवरा गेल्यापासून तिनं चाखलेली नाही. लोखंडी तव्यात, लोण्यावर, मीठ आणि मिरी, याहून जास्त काही करायचं नाही, असं बजावून सांगितलं आहे. हरणांच्या रोगाची तपासणी होऊन निकाल येईपर्यंत थांबायची तिची तयारी आहे. दुसरी पट्टी माझी. ती मी मामीच्या पद्धतीनं करणार, भाजक्या खोबऱ्याचं वाटप लावून, वर दोन त्रिफळं ठेचून. परवा तिला ते वर्णन करून सांगितलं तर त्याचीही एक वाटी तिनं मागून ठेवली आहे.